कागदी पावलं

रादोय्काला ह्या खेपेला कपडे आणायला इटलीत, त्रिएस्तेला, पाठवायचं नाही, हे क्रुनानं ईस्टरच्या आधीच ठरवून टाकलं होतं. पोटची मुलगी असली म्हणून काय झालं. गेल्या वर्षी तीच गेली होती, आणि तळे राखी तो पाणी चाखी हे सगळ्या घरानं डोळ्यांनी पाहिलं होतं. थोरल्या सुनेसाठी, स्तानियासाठी, आणलेला सळसळता रेनकोट पहिल्याच पावसात खांद्यावर उसवला. रादोय्काचा रेनकोट त्याच रंगाचा, म्हणे त्याच दुकानातला, पण त्याचा एक टाकाही सैल झाला नव्हता. स्तानिया तोंडानं काही बोलली नाही. पण रादोय्का माहेरी यायची त्या दिवशी तो उसवलेला रेनकोट बरोबर दारामागच्या खुंटीवर लटकलेला असायचा, बाहेर कडक ऊन असलं तरी.

आणि ह्या वर्षी चूक परवडणार नव्हती. द्राक्षं उतरली की रादोय्काच्या मुलीचं, बिसेर्काचं, लग्न. लग्न आटोपतंय तोवर गेलेल्या धाकट्या मुलाचा, ल्युबिशाचा, सातव्या वर्षाचा पोमाना, म्हणजे शेवटचं मोठं जेवण, ज्यानंतर गेलेला माणूस घरच्यांकडून काही मागत नाही. एकाच हंगामात सगळ्या घरानं दोनदा चारचौघांत उभं राहायचं, आणि जवळच्या झायेचार शहरातल्या दुकानांत जे कपडे मिळत ते गोणपाटाचे सख्खे भाऊ. त्रिएस्तेच्या कालव्याकाठी निम्म्या पैशांत माणूस सजून येतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

म्हणून रविवारचं जेवण झाल्यावर सगळे अंगणातल्या वेलाच्या मांडवाखाली बसले होते. म्हातारा ओब्राद, रेल्वेतून निवृत्त झालेला गार्ड, आपल्या ठरलेल्या स्टुलावर. रादोय्का आणि तिचा नवरा झिका बाकावर. स्तानिया कॉफी ओतत होती. तिचा नवरा मिलुन, क्रुनाचा थोरला, व्हिएन्नात विटा वाहत होता आणि ख्रिसमसला चॉकलेट घेऊन येत होता. धाकटी सून यावोर्का, ल्युबिशाची विधवा, नेहमीसारखी उन्हाच्या कडेला बसली होती, आणि तिची दुन्या मांजरीच्या मागं फिरत होती. बाप गेला तेव्हा दुन्या नुकती पाळण्यातून उतरली होती.

"यावोर्का जाईल," क्रुना म्हणाली.

रादोय्काचा कप बशीवर आला. "का? रस्ता मला माहीत. दुकानदार मला माहीत. कालव्याकाठचा तो टकल्या मला नावानं हाक मारतो."

"म्हणूनच," स्तानिया म्हणाली.

"म्हणूनच काय?"

"काही नाही, वन्सं. ओळखीचा माणूस मन लावून माल निवडून देतो, एवढंच म्हटलं."

"यावोर्काला नि पोरीला गाडी फुकट आहे," क्रुनानं मध्येच तोडलं. "रेल्वेच्या माणसाची विधवा आहे ती. तुला तिकीट काढावं लागेल, आणि त्या तिकिटात तुझ्याच लेकीच्या टाचांचे बूट येतात. बोल, काय हवंय?"

रादोय्कानं कप पुन्हा उचलला. ओब्रादनं मान डोलावली. ज्या माणसानं जन्मभर फुकट प्रवास केला, त्याला तिकीट काढणं म्हणजे चोरी झाल्यासारखंच वाटे.

"जाताना काय घालायचं ते नीट ऐक," क्रुना यावोर्काकडं वळली. "जुन्यात जुनं. चिंधी म्हणून फेकता येईल असं. ते तिथंच टाकून द्यायचं. बॅग रिकामी न्यायची. जाताना काडीसारखं जायचं, येताना कांद्यासारखं यायचं. जीन्सवर जीन्स, सदऱ्यावर सदरा. आणि कस्टमवाल्यासमोर घाम पुसायचा नाही."

"घाम आला तर?" झिकानं विचारलं.

"वाहू द्यायचा. गरिबाला घाम येतोच."

यावोर्का ऐकत होती. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "आई, दुन्यालाही नेते. पास तिचाही आहे. तिच्याही अंगावर चार कपडे येतील, आणि पोरांना कोणी चाचपत नाही."

बोलणं शहाणपणाचं होतं. तेच क्रुनाला आवडलं नाही. दुसऱ्या कोणी सुचवलं असतं तर तिनं शाबासकी दिली असती. पण आई नि पोर, दोघी एकदमच सीमेपलीकडं? डेपोच्या गल्लीतल्या म्हातारीची सून अशीच जीन्स आणायला गेली होती. ती आता मिलानहून नाताळाची कार्डं पाठवते. घरात ल्युबिशाचं उरलंसुरलं जे काही होतं ते आत्ता मांजरीच्या शेपटामागं पळत होतं.

"पोर इथं राहील," क्रुना म्हणाली.

"बरं," यावोर्का म्हणाली.

इतक्या चटकन 'बरं'? जिच्या पोटात काही नसतं ती वाद घालते, रुसते, निदान तोंड वाकडं करते. कुठंतरी पाणी मुरत होतं. क्रुनानं कॉफीचा घोट घेतला आणि सुनेकडं बघत राहिली. यावोर्कानं नजर उचलली नाही.

"आणि एक पुरुषी पोशाख," क्रुना म्हणाली. "टोपीपासून बुटांपर्यंत. पोमान्याचा."

सातव्या वर्षी गेलेल्याच्या वयाचा, त्याच्या अंगलटीचा एक माणूस बोलवायचा, त्याला नखशिखान्त नवे कपडे चढवायचे, गेलेल्याच्या जागेवर बसवायचं, आणि आईनं त्याला पहिला घास द्यायचा. त्या दिवसापासून तो त्या घरचा. माणूस कोण, ह्यावरून हिवाळाभर वाद चालला होता.

"माझा पुतण्या चालेल म्हणतोय मी," ओब्राद पुटपुटला.

"त्याच्या पोटावर ल्युबिशाचा सदरा फुटेल. तो नको."

"मग बुटांचं माप काय द्यायचं?"

"माणूस ठरला की माप ठरेल. आधी जिवंतांचे पाय काढ."

*

पाय काढण्याचं काम ओब्रादचं. जुन्या वर्तमानपत्रावर माणसाला उभं करायचं, सुताराच्या पेन्सिलीनं उजव्या पायाभोवती रेघ मारायची, कात्रीनं कापायचं, वर नाव लिहायचं. त्रिएस्तेचा दुकानदार आकडे दहा तऱ्हेनं फिरवतो, पण कागदाचं पाऊल बुटात सरकवलं की त्याला फसवता येत नाही. झिकाच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, त्यावरून हसून झालं. स्तानिया म्हणाली, कुरुपाला जागा सोडा हो बाबा, तर ओब्राद म्हणाला, कुरूप तुझं आहे, रेघ माझी आहे, रेघ जाते तिथं जाते.

रादोय्काला हसू येत नव्हतं. लग्न तिच्या लेकीचं, आणि लेकीचा पोशाख निवडणार भावजय. जिनं सात वर्षं काळ्याशिवाय रंग घातला नाही, तिला काय कळणार नवरीला काय खुलतं? आणि रेनकोटाचं खरं काय ते एकट्या रादोय्कालाच ठाऊक होतं. दोन्ही एकाच ढिगातले होते, अगदी सारखे. सीमेवर आतून चार जीन्स चढवून वरून तिनं स्तानियाचा रेनकोट घातला, आणि ताणानं शिवण गेली. स्वतःचा तिनं घडी करून बॅगेत ठेवला होता. हे कबूल करण्यापेक्षा चोर म्हणवून घेणं सोपं होतं.

"रादोय्का, ही पावलं गोळा कर नि यावोर्काच्या बॅगेत टाक," ओब्राद म्हणाला. "वारा सुटलाय, उडतील."

बॅग मागच्या खोलीत पलंगाखाली होती, सगळ्या घराची मिळून एकच, कोपऱ्यांवर पत्रा मारलेली. रादोय्कानं झाकण उघडलं. आत काही नव्हतं, कापराचा वास तेवढा होता. तिनं कागद झाकणाच्या कप्प्यात सरकवले, आणि बोटांना काहीतरी जाड लागलं.

तेही पाऊलच होतं. पण वर्तमानपत्राचं नव्हे. सिमेंटच्या पोत्याच्या तपकिरी कागदाचं, घडी घातलेलं. त्यावर नाव नव्हतं. रादोय्कानं ते झिकाच्या पावलावर ठेवून पाहिलं, मग बापाच्या. दोघांच्याही पुढं गेलं. लांब, अरुंद, पुरुषाचं. आणि अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याच्याही पुढं आलेलं.

तिला सगळ्यात आधी आनंद झाला, आणि तो झाला म्हणून थोडी लाजही वाटली. मग ती स्वयंपाकघरात गेली.

स्तानिया ताटं विसळत होती. रादोय्कानं तो कागद तिच्या ओल्या हातांपुढं धरला. "हे बघ. तुझ्या जावेच्या बॅगेत होतं."

स्तानियानं बघितलं. दारामागच्या रेनकोटाकडं तिची नजर गेली आणि परत आली. "आपलं काय ते आपण नंतर बघू, वन्सं," ती म्हणाली आणि हात पुसले. "हे कोणाचं?"

"आपल्यातल्या कोणाचं नाही."

"बाप रे."

"माणूस आहे म्हणजे. तिकडं बूट घेऊन द्यायचे नि त्याच्याबरोबर तिथूनच पसार. म्हणूनच पोरीला न्यायचं म्हणत होती."

स्तानियानं ओठ आवळले. यावोर्का गेली तर मागची खोली रिकामी होईल. मिलुन परत आला की त्यांना दोघांना ती हवीच होती. पण यावोर्का गेली तर पहाटेचं दूध, कोंबड्या, सासऱ्याचे सांधे, सासूची जीभ हे सगळं एकटीच्या वाट्याला. ती आशेनं आणि धास्तीनं त्या तपकिरी कागदाकडं बघत राहिली.

"तुम्ही काढा विषय," ती शेवटी म्हणाली. "मी तुमच्या मागं आहे."

आणि खरोखरच ती मागं राहिली, दाराच्या चौकटीत, हातात फडकं घेऊन.

*

यावोर्का पंपावर कॉफीचे कप धूत होती आणि दुन्या पंप मारत होती. मांडवाखालची कुजबूज थांबली तेव्हाच तिला कळलं. घरात तिच्याबद्दल बोलणं चाललं असलं की आधी आवाज वाढत. तिच्याशी बोलायचं असलं की सगळं शांत होई.

"इकडं ये," क्रुनानं हाक मारली.

टेबलावर ते पाऊल पडलं होतं. कोणीतरी त्यावर साखरेचा डबा ठेवला होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

रिकाम्या बॅगेत कोण बघणार, असं तिला वाटलं होतं. गादीखाली ठेवलं असतं तर स्तानियाला सापडलं असतं, पेटीत ठेवलं असतं तर सासूला. तिला स्वतःचीच कीव आली.

"पायाचं माप आहे," रादोय्का म्हणाली. "पुरुषाचं. आम्ही सगळ्यांना लावून पाहिलं. कोणाचं आहे?"

"मला लावून पाहिलंच नाही नीट," झिका म्हणाला, आणि वातावरण हलकं होईल म्हणून त्यानं बूट काढून पाय कागदावर ठेवला. बोटाएवढी जागा पुढं उरली. कोणी हसलं नाही. त्यानं पाय मागं घेतला.

पाऊल त्राईलोचं होतं. त्राईलो गवंडी. नदीपलीकडं राहतो, बायको प्रसूतीत गेली, तेव्हापासून एकटा. कमी बोलतो. पळून जाण्याचं दोघांच्याही मनात नव्हतं. त्राईलोला तर गावाबाहेरच्या पाण्यानं पोट बिघडतं. त्याला फक्त ओब्रादच्या दारात यायचं होतं, दिवसाढवळ्या, टोपी हातात घेऊन, यावोर्काला मागायला. पण चुन्यानं पांढरे पडलेले बूट घालून त्या दारात येणार नाही, म्हणाला. इथल्या दुकानातले बूट त्याच्या पायाला चावतात. कामावरच सिमेंटच्या पोत्यावर उभा राहून त्यानं स्वतःच आपला पाय काढला, वाकून, कान लाल करून. आणि दुन्याला न्यायचं ते एवढ्यासाठीच की पोरीनं कधी समुद्र पाहिला नव्हता.

हे सगळं आत्ता सांगता आलं असतं. पण रादोय्काच्या तोंडावरचं समाधान समोर होतं, दारात स्तानिया होती, आणि सासूचे डोळे होते. आज नाव सांगितलं असतं तर उद्या त्राईलो ह्या दारात मागणी घालायला आलेला माणूस राहिला नसता, पकडून आणलेला झाला असता. शिवाय पोर. पोर आपल्याच घरात राहील, असं क्रुना म्हणाली असती, आणि गावानं तिचीच बाजू घेतली असती.

"ल्युबिशाचं आहे," यावोर्का म्हणाली.

ह्या अंगणात तिनं ते नाव किती वर्षांत उच्चारलं नव्हतं.

"काय?" रादोय्का म्हणाली.

"मागची खोली बांधत होतो तेव्हाचं. सिमेंटची पोती पडलेली होती. त्याला शिकारीचे बूट हवे होते, म्हणून मी माप काढून ठेवलं होतं. आता पोमान्याला बूट घ्यायचेत, म्हणून..." तिला पुढं बोलता येईना. खोटं बोलता येत नाही म्हणून नव्हे. तो खरंच एकदा अशा पोत्यावर उभा राहिला होता आणि गुदगुल्या होतात म्हणून पाय ओढून घेत होता. ते माप केव्हाच हरवलं होतं.

"मग लपवून कशाला ठेवलंस?"

"माझं होतं म्हणून," यावोर्का म्हणाली.

ओब्रादनं खिशातून रुमाल काढला. झिका आपल्या मोज्याकडं बघत राहिला. पण रादोय्का मागं हटणाऱ्यातली नव्हती. तिनं साखरेचा डबा उचलला, पाऊल घेतलं आणि आईच्या हातात दिलं.

"आई, तू सांग. त्याचा पाय तुझ्याइतका कोणाला माहीत? हे ल्युबिशाचं आहे का?"

*

नव्हतं. क्रुनाला हात लावायचीही गरज नव्हती. ल्युबिशाचा पाय तिच्या बापावर गेला होता, आखूड नि रुंद, पाव भाजल्यासारखा फुगीर. तो सैन्यात होता तेव्हा तिनं त्याला मोजे विणून पाठवले, रेल्वेत लागला तेव्हाही. सुईवर टाके घ्यायची तेव्हा बोटांना तो पाय आपोआप आठवायचा, अजूनही आठवतो. त्याचा अंगठा सगळ्या बोटांच्या पुढं होता. आणि हा कुठला परक्याचा लांबट पाय, तपकिरी कागदावरचा, त्याला तिच्या मुलाचं नाव दिलं जात होतं, तिच्याच अंगणात.

तिला भयंकर राग आला. 'नाही' हा शब्द जिभेवर होता. संशय खरा निघाला की माणसाला जो सुखाचा कढ येतो तोही आला. बघा, मी म्हणत होते ना.

मग तिनं वर पाहिलं. रादोय्का पुढं झुकली होती, आणि तिच्या डोळ्यांत भावाची आठवण कुठंच नव्हती. नुसती वाट बघत होती, दुकानदारानं भाव कमी करायची वाट बघावी तशी. पंपापाशी दुन्या उभी होती. कोणीतरी तिच्या आईला धरलंय एवढंच तिला कळलं होतं, आणि ती आजीकडं बघत होती. यावोर्का सरळ उभी होती. तिला माहीत होतं की क्रुनाला माहीत आहे. आणि तरी ती हात जोडत नव्हती, रडत नव्हती.

मी 'नाही' म्हणाले तर ही आज संध्याकाळी पोरीला घेऊन ह्या घरातून जाईल, क्रुनाच्या मनात आलं. पोरीला मी ठेवून घेतली तरी जाईल ती पोर, आज नाही तर मोठी झाल्यावर. आणि आणखी एक गोष्ट होती, जी कबूल करायला तिला जड गेलं. सात वर्षांत तिच्याशिवाय तिच्या मुलाचं नाव घ्यायला ह्या अंगणात कोणी उरलं नव्हतं. घेतलं ते हिनं, खोटं का होईना.

"त्याचे मोजे मी विणलेत," क्रुना म्हणाली. "मला पाय काय विचारतेस? माझ्या ल्युबिशाचंच आहे."

"आई, नीट बघ."

"बघितलं. तुझ्या बॅगा मी कधी उचकल्या का, रादोय्का? उचकायच्या असत्या तर गेल्या वर्षीच उचकल्या असत्या."

दारातून स्तानिया लगबगीनं पुढं आली आणि कपांचं तबक उचललं. "मी वन्संना म्हणतच होते," ती म्हणाली, "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये."

रादोय्कानं तिच्याकडं असं पाहिलं की बिसेर्काच्या लग्नात ह्या दोघी एका टेबलाला बसणार नाहीत हे तिथल्या तिथं ठरून गेलं.

ओब्रादनं बायकोच्या हातातून पाऊल घेतलं. बराच वेळ त्यानं ते डोळ्यांपुढं धरलं. इतकी वर्षं मालगाड्यांच्या डब्यांवर खडूनं खुणा करणारा माणूस; चुकीच्या डब्यावर त्यानं कधी खूण केली नव्हती. मग त्यानं सुताराची पेन्सिल जिभेला लावली आणि टाचेपाशी, सावकाश, ल्युबिशाचं नाव लिहिलं. त्याला काय कळलं नि काय नाही, हे क्रुनाला पुढंही कधी समजलं नाही.

"चला, एक काम सोपं झालं," झिका म्हणाला, त्याला शांतता सहन होत नसे. "आता पोमान्यासाठी माणूस शोधत हिंडायला नको. बूट ह्या मापाचे आणायचे. ज्याच्या पायात बसतील तो आपला माणूस."

"तसंच," ओब्राद म्हणाला. "तसंच करायचं."

क्रुना तोंड उघडणार होती, पण आता काय बोलणार? सगळ्यांदेखत हा माझ्या मुलाचा पाय म्हणून ती बोलून बसली होती. त्या बुटांत बसणारा पाय गावात एकाचाच. म्हणजे शरदात तो परका माणूस ल्युबिशाच्या जागेवर बसणार, आणि पहिला घास तिच्याच हातानं. आपण कोणाला टेबलापाशी आणून बसवलं हे तिला आत्ता, कॉफीची भांडी गेल्यावर, उमगलं.

*

संध्याकाळी रादोय्का नि झिका गेल्यावर क्रुना कोंबड्यांच्या खुराड्याकडं आली. यावोर्का कोंबड्या आत घेत होती.

"कोणाचं आहे ते मी विचारत नाही," क्रुना म्हणाली.

"आई, मी..."

"विचारत नाही म्हटलं ना. सिमेंटच्या कागदावर पाय काढतो म्हणजे शिंपी नसणार. नदीपलीकडचाच असेल, तर ल्युबिशाच्या कबरीचा कठडा त्यानंच बांधलाय. कठडा सरळ आहे. पावसाचं पाणी साचत नाही."

यावोर्कानं खुराड्याची कडी लावली. तिचा हात कडीवरच राहिला. "तो तुमच्याकडं विचारायला येणार होता. बुटांसाठी थांबला होता."

"बुटांसाठी?"

"जुने चुन्याचे आहेत. लाज वाटते म्हणाला."

क्रुनाला हसू येणार होतं, ते तिनं आवरलं. "माझ्या मुलाचं नाव तू त्या कागदाला दिलंस, ते मला लागलंय. ते मी विसरणार नाही, तू पण विसरू नको."

"नाही विसरणार."

"आता पोमान्याला त्यालाच कपडे चढवावे लागतील. ल्युबिशाच्या जागेवर बसवावं लागेल. 'बाळा' म्हणून घास द्यावा लागेल. मला जमेल की नाही, मला माहीत नाही. हात वर उचललाच नाही तर?"

"मग मी तुमचा हात धरीन," यावोर्का म्हणाली.

क्रुना तिच्याकडं बघत राहिली. ह्या बाईवर तिनं सात वर्षं नजर ठेवली होती. कोणाशी बोलते, बाजारातून किती वेळानं येते, चर्चमध्ये कोणत्या बाजूला उभी राहते. एवढं बघून तिला काय दिसलं होतं?

"बूट घेताना बोटभर जागा राहू दे," ती म्हणाली. "जाड मोजे घालणारा माणूस असतो गवंडी. आणि दुन्यालाही ने."

यावोर्काला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "दुन्या इथं राहील म्हणाला होतात तुम्ही."

"म्हणाले होते."

"मग?"

"पोरीला इथं धरून ठेवलं तर तू परत येशील, ते मला माहीत आहे," क्रुना म्हणाली. "पण मग कशासाठी आलीस, ते मला मरेपर्यंत कळणार नाही."

आतून दुन्यानं आईला हाक मारली. परत येईन असं यावोर्कानं सांगितलं नाही, आणि सासूनंही तिच्याकडून वचन मागितलं नाही. तिनं वाकून म्हातारीचा हात घेतला, कपाळाला लावला, आणि पोरीकडं गेली.

क्रुना खुराड्यापाशी उभी राहिली. खिडकीतून दिसत होतं, यावोर्का पोरीला काहीतरी सांगत होती, आणि पोर दोन्ही हात पसरून समुद्र केवढा असतो ते विचारत होती. क्रुनाला फार भीती वाटत होती. तरी ती आत जाऊन 'पोरीला ठेवून जा' म्हणाली नाही.